गाडी बदलायचं गाव

कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस तेराशे किलोमीटरच्या वर धावते, राज्याची हद्द एकदाही ओलांडत नाही आणि आता पुढे छत्तीसगडच लागणार असं झालं की गोंदियाला येऊन थांबते. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेसही इथेच थांबते. पण डब्यातल्या निम्म्या माणसांना विचारलं तर कुणाला बालाघाटला जायचं असतं, कुणाला डोंगरगडच्या बमलेश्वरीचा नवस फेडायचा असतो, कुणाची बहीण वडसा-नागभीडकडे दिलेली असते. गाडीच्या पाटीवर नाव गोंदियाचं असतं, माणसांच्या मनात मात्र पुढचं स्टेशन.

आमच्याही मनात जबलपूर होतं. नणंद तिकडे राहते, आणि भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत कधीही केली तरी पावते अशी आमच्या घराण्याची सोयीस्कर समजूत आहे. विदर्भ एक्स्प्रेसने आम्हाला जेवणवेळेच्या आत गोंदियाला उतरवलं. जबलपूरची गाडी रात्रीची. मधला अख्खा दिवस मोकळा. नवऱ्याने आधी वेटिंग रूम गाठली आणि मग चार्जिंगचा पॉइंट. लेक त्याच्या शेजारी बसणार एवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला.

"बसता काय? गोंदियाला येऊन बाजार न करता कोणी जाते का?"

सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, माहेर अर्जुनी मोरगावकडचं. लग्न होऊन कल्याणला आल्या त्याला जमाना झाला, पण नागपूर मागे पडलं की त्यांची भाषा आपोआप माहेरी जाते. त्यांच्या लहानपणी अर्जुनीहून गोंदियाला यायचं ते छोट्या लाईनने. अडीच फुटांच्या रुळावरची ती गाडी इथे आणून सोडायची. पुढे मोठी गाडी कधी मिळेल ते आपलं नशीब आणि वेळापत्रक. त्या मधल्या वेळात घरातली वर्षाची खरेदी व्हायची. लग्नाचा बस्ता गोंदियाचा, बांगड्या गोंदियाच्या, शाळेची पाटीही गोंदियाची. वडील सोबत आणलेलं धान्य विकून येईपर्यंत आई आणि मुली दुकानाच्या पायरीवर. "गाडी चुकली तरी आम्हाला आनंदच व्हायचा," आई म्हणाल्या. "आणखी एक चक्कर होई."

मला वाटतं, हे गावच मुळी अशा खोळंब्यावर उभं राहिलं. १८८०च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे रूळ टाकले गेले, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती वाट मोठी करून हावड्याला नेऊन भिडवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक छोटी लाईन सातपुड्यातून जबलपूरकडे गेली, दुसरी नागभीडमार्गे चांद्याकडे. मोठे रूळ साडेपाच फुटांचे, छोटे अडीच फुटांचे. एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर चढणं शक्य नाही. म्हणजे जंगलातला डिंक, लाख, तेंदूपत्ता, धान, बांबू, जे काही यायचं ते इथे उतरवायचं, फलाटावर थप्पी लावायची आणि पुन्हा भरायचं. भरणारे हमाल आले, थप्प्यांची राखण करायला गुदामं आली, गुदामांमागून व्यापारी आले. गुजराती, मारवाडी आले, फाळणीनंतर सिंधी आले. तेंदूपत्त्याने विड्यांचे कारखाने आणले आणि धानाने राईस मिली. विडीच्या धंद्यातूनच मनोहरभाई पटेल पुढे आले. त्यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेच्या शाळा-कॉलेजांत या भागातल्या कितीतरी घरांतली पहिली शिकलेली पिढी घडली. दोन रुळांच्या रुंदीत तीन फुटांचा फरक होता. एवढ्या फटीत एक शहर मावलं, १ मे १९९९ला जिल्ह्याचं ठिकाणही झालं.

आता छोटी लाईन राहिलेली नाही. चांद्याकडचे रूळ आधी रुंद झाले, जबलपूरकडचे टप्प्याटप्प्याने, आणि २०२१ पासून गोंदियाहून थेट जबलपूरला मोठी गाडी जाते. माल उतरवायचं कारण गेलं. माणसांचं थांबणं तेवढं राहिलं.

क्लोक रूममध्ये सामान टाकून आम्ही बाहेर पडलो. रस्त्यात लेकीने आजीला सिंगापूरची गोष्ट सांगितली. तिथल्या चांगी विमानतळावर ज्यांना पुढच्या विमानासाठी साडेपाच तासांहून जास्त थांबायचं असतं त्यांना फुकट शहर दाखवून आणतात. इस्तंबूललाही तसंच करतात. तिच्या वर्गातली एक मैत्रीण सुट्टीत अमेरिकेला जाताना असं शहर बघून आली होती, त्याचे फोटो वर्गात सगळ्यांना तोंडपाठ. आई म्हणाल्या, "फुकट? आणि बाजार करू देते का?" ते काही लेकीला माहीत नव्हतं.

गोरेलाल चौकाच्या बाजूला गोंदियाचा बाजार अंगावर येतो. दिवाळीची गर्दी ओसरली होती, तरी कापडदुकानांत गाद्यांवर बस्ते पसरलेले, कारण तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू. दुकानदार आईंशी हिंदीत बोलायचा, आई झाडीबोलीत उत्तर द्यायच्या, शेजारची बाई पोवारीत किंमत पाडायची आणि व्यवहार व्यवस्थित पार पडायचा. मुंबईत भाषेवरून तावातावाने बोलणाऱ्यांना एकदा इथे चार तास खोळंबवून ठेवायला हवं. तर्री पोहे खाल्ले, आलुबोंडा खाल्ला. पाणीपुरीच्या गाड्यावर 'गुपचूप' लिहिलेलं पाहून लेकीने दोन प्लेट खरंच न बोलता संपवल्या.

तांदळाच्या दुकानात मात्र आईंनी आम्हाला ताटकळत ठेवलं. पोत्याच्या तोंडाशी बसून त्या मूठभर तांदूळ उचलत, तळहातावर पसरत, कणी किती ते बोटाने बाजूला सारत, मग दोन दाणे पुढच्या दातांनी कट्‌कन मोडत. जुना की नवा, ते त्या आवाजावरून कळतं म्हणे. बालाघाटचा चिन्नोर वास घेऊन बाजूला ठेवला आणि एचएमटीपाशी थांबल्या. घड्याळाचं नाव तांदळाला कसं, हा लेकीचा प्रश्न. हा वाण दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. १९८०च्या दशकात शेतातल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडल्या, वेगळ्या पेरल्या, जपल्या आणि त्या काळी जे मनगटी घड्याळ गाजत होतं त्याचं नाव तांदळाला मिळालं. वाण देशभर पसरला, दादाजींच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. २०१८ला ते गेले. "आमच्याच लाईनवरचा माणूस," आई म्हणाल्या. त्यांच्या हिशेबात नागभीड अजून छोट्या लाईनवरच आहे.

दुपारी ऑटो ठरवला. ऑटोवाल्याने आईंना 'माताजी' म्हटलं आणि भाडं वाजवून घेतलं. गावाबाहेर पडताना राईस मिलींची रांग लागते. उकडा तांदूळ करणाऱ्या मिलीवरून जाताना गरम, ओलसर, किंचित आंबूस वास नाकात बसतो. आमच्या लेकीने नाक धरलं, आईंनी खोल श्वास घेतला. नागऱ्याच्या जुन्या दगडी शिवमंदिरात हात जोडले. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, आज पुजारी आणि आम्हीच.

ऑटोवाल्यालाच मग हुरूप आला. "एअरपोर्ट देखोगे?" विमानात न बसता विमानतळ बघायला मी लहानपणानंतर पहिल्यांदाच गेले. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४०च्या सुमारास इंग्रजांनी बांधली. युद्ध संपल्यावर ती बरीच वर्षं पडून होती. मग तिथे वैमानिक घडवणारी संस्था आली. मार्च २०२२मध्ये इंदूर आणि हैदराबादचं प्रवासी विमान सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं. १ डिसेंबर २०२३ला हैदराबादमार्गे तिरुपतीचं सुरू झालं. आई म्हणाल्या, "सकाळी जाऊन केस देऊन संध्याकाळी घरी! देवाला तरी पटंल का?" डोक्यावरून शिकाऊ पोरांचं एक छोटंसं विमान गेलं, मोठा वळसा घेऊन परत आलं, पुन्हा गेलं. ते कुठेच पोहोचणार नव्हतं. लेकीला हीच गोष्ट सगळ्यात आवडली.

या भागात धानाच्या बांध्या आणि जुने तलाव यांची सरमिसळ आहे. हलका धान कापून पुंजणे रचलेले, भारी धान अजून उभा. एका बांधीत सारसांची जोडी चरत होती. माणसाएवढी उंची, करड्या अंगावर लाल मान आणि चाल अशी, की जमीन त्यांच्या नावावर आहे. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर बहुतेक या जिल्ह्यातच यावं लागतं. धानातच तो घरटं करतो, म्हणून शेतकऱ्याने मनावर घेतलं तरच त्याची अंडी वाचतात. इथल्या पक्षिमित्रांनी गावोगाव फिरून ते मनावर घ्यायला लावलं. विमानाचा आवाज पुन्हा आला. सारसांनी मान वर केली नाही. नवऱ्याने फोन काढला, चार्जिंग संपलं होतं.

परतताना एका गावात मंडई भरलेली. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या पलीकडची, म्हणजे पाहुण्यांना दमायला वेळच नको. दिवसा दंडार, रात्री नाटक. आईंनी ऑटो थांबवायला लावला. ढिवर बायका गोणपाटावर उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लावून बसल्या होत्या. त्यांचे नवरे सकाळी डोंग्यात बसून तलावातून ते काढतात, फळाच्या काट्यांनी बोटं फुटतात. काळं, शिंगं असलेलं ते फळ लेकीला खाण्यासारखं वाटेना. आजीने दोन्ही टोकं मोडली, साल दातांनी फाडली आणि आतला पांढरा, पिठूळ गर तिच्या तोंडात घातला. मग पुढचं पाऊण किलो तिनेच संपवलं. मांडवाच्या खांबाला रात्रीच्या नाटकाचं पोस्टर होतं, हिरो-हिरॉईनचे मोठाले चेहरे, कोपऱ्यात खलनायक. आईंनी ते अक्षर न अक्षर वाचलं. मग नाटक कितीला सुरू होतं याची चौकशी केली, एकदा ऑटोवाल्याकडे, एकदा पानठेल्यावर.

"आई, गाडी आहे," नवरा म्हणाला.

"गाडी काय, रोजच आहे."

"तिकीट आजचंच आहे."

त्याने आम्हाला इतक्या घाईने स्टेशनवर आणलं की फलाटावर येऊन पाहतो तर गाडीला तासाहून जास्त वेळ बाकी. आईंनी बाकावर तांदळाची पिशवी ठेवली, घड्याळ पाहिलं आणि मुलाकडे न बघता लेकीला म्हणाल्या, "पाय बाई, एवढ्या टायमात पहिला अंक झाला असता."

नवरा पुन्हा चार्जिंगचा पॉइंट शोधायला निघून गेला.