मोटर का जळते, ते सांग की!

आपल्या मंडळींत कुणाचा मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला असली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हुशार आहे हो, पण बोलत नाही." मी बेळगावात काही वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवलं. त्यामुळे हे 'न बोलणं' जवळून पाहिलं आहे.

बेळगाव तसं इंजिनिअरिंगचं गाव. गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ची, तर विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली इथंच झालं. निपाणी, चिकोडी, खानापूर, सगळीकडून मुलं येतात. त्यातली बरीचशी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. गंमत म्हणजे हीच मुलं दिवसभरात चार भाषा वापरतात: घरी मराठी, बसच्या कंडक्टरशी कन्नड, होस्टेलवर हिंदी आणि वहीत इंग्रजी. पण व्हायवाला बसली की "यस सर", "नो सर" यापुढे गाडी जात नाही.

निपाणीजवळच्या खेड्यातला एक मुलगा आठवतो. इलेक्ट्रिकलचा, तिसऱ्या वर्षाचा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, सिंगल फेजिंग म्हणजे काय? त्यानं इंग्रजी व्याख्या अर्धी म्हटली आणि अडकला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "घरी विहिरीवर मोटर आहे का रे?"

"आहे की सर. दोनदा जळाली."

"मग का जळते, ते सांग की!"

मग दहा मिनिटं तो थांबला नाही. एका फेजचा फ्यूज उडतो, पण चालू मोटर लगेच बंद पडत नाही, घुमत राहते. उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढला जातो, वाइंडिंग तापतं, जळका वास येतो आणि खेळ खलास. हे टाळायला स्टार्टरच्या पेटीत प्रिव्हेंटर असतो. पण लाइट दोनच फेजवर आली आणि ऊस वाळत असला, की लोक तो बाजूला काढून मोटर चालवतात. हे शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं!

त्याचं बोलणं ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. फ्यूज, करंट, वाइंडिंग हे सगळे शब्द इंग्रजीच होते आणि ते त्याला येत होते. अडत होतं ते 'म्हणून', 'तरीसुद्धा', 'जोपर्यंत' अशा जोडशब्दांपाशी. शब्दसंपत्ती वाढवायची जाडजूड पुस्तकं मुलं विकत घेतात, पण मला वाटतं असे वीस-पंचवीस जोडशब्द तोंडात बसले तर निम्मं काम होतं.

पुढं सेमिनारच्या आधी मी मुलांना एक अट घातली. विषय आधी इंजिनिअर नसलेल्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून यायचं, मग वर्गात इंग्रजीत मांडायचा. कुणी आईला सांगितलं, कुणी मेसच्या काकांना कन्नडमध्ये. या मुलानं वडिलांना सांगितलं. वडिलांनी दोन प्रश्न असे विचारले, की त्याला पुन्हा पुस्तक उघडावं लागलं. कॅम्पस मुलाखतीत पहिल्या दोन कंपन्यांनी त्याला घेतलं नाही, तिसरीनं घेतलं.

कन्नडचंही सांगायला हवं. आता पहिल्या वर्षाला कन्नडचा छोटा विषय असतो. ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी 'बळके कन्नड', म्हणजे वापरातलं. सीमाभागातल्या घरांत यावर नाराजी असते, आणि तिची कारणं जुनी आहेत. मराठीत कागदपत्रं मिळावीत ही मागणी रास्तच आहे. पण साइटवरच्या वायरमनशी बोलायला शिकल्यानं आपली मराठी कमी होत नाही. विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलं आहे ते विश्वेश्वरय्या स्वतः म्हैसूर संस्थानातून पुण्याला आले, इथं इंजिनिअर झाले आणि मुंबई प्रांतात नोकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. नाशिक-पुण्याकडच्या माणसांशी बोलल्याशिवाय का ती कामं झाली असतील?

आणि बाहेरगावी वाढलेल्या आपल्या मुलांचं काय? त्यांचं इंग्रजी फाडफाड असतं. पण निपाणीच्या आजीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाळा, तुझं काम नेमकं काय असतं रे?" की उत्तर येतं, "कॉम्प्युटरवर असतं, आजी." पुढच्या रविवारी तीन मिनिटं मराठीत नीट सांगून बघा. आजी मध्येच "म्हणजे काय?" विचारणार, आणि ती बाहेरच्या परीक्षकांपेक्षा कडक असते.