कुंभार्ली घाट, आमची जीप आणि एक बोल्ट

कराडहून चिपळूणला जायचे म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. निम्मा रस्ता कोयना नदी सोबतीला असते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी आधी सरळ दक्षिणेला येते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेकडे वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते. गेल्या मे महिन्यात आम्ही या रस्त्याने चिपळूणजवळच्या एका गावी भाचीच्या साखरपुड्याला निघालो. सकाळी जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे, असा बेत होता. घरी परतायला सहा दिवस लागले. ते का लागले, हे वाचकांना सांगावे असे वाटले. कारण आपल्यापैकी पुष्कळ जण जुनी गाडी घेतात, आणि घेताना जी चूक आम्ही केली तीच करतात.

जीप आम्ही आणि दाजींनी मिळून घेतली होती. आईचे गुडघे दुखतात, तिला एस.टी.ची पायरी चढवत नाही. आक्काचीही तीच तऱ्हा. घरच्या मंडळींनी बचत गटातून कर्ज काढले, दाजींनी सोसायटीतून काढले, आणि पंधरा वर्षे उलटून गेलेली, पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतलेली एक जीप दारात आली. घेताना आम्ही काय पाहिले? इंजिनचा आवाज ऐकला. टायरवर नख मारून पाहिले. सीटकव्हर नवे होते, रंग ताजा होता. किंमत थोडी पाडून घेतली आणि खूश झालो. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधलेली होती, ती तेवढी मुलांनी काढून टाकली.

स्टिअरिंगकडे कोणी पाहिले नाही. रस्ता सरळ असताना चाकावरची हॉर्नची पट्टी तिरकी दिसायची. वळताना चाक कधी हलके लागायचे, कधी जड. डॅशबोर्डाखालून मधूनच ‘कट’ असा आवाज यायचा. दाजी म्हणायचे, “जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच.” आम्हीही मान डोलवायचो.

त्या दिवशी पाटणला चहा झाला. मल्हारपेठ, पाटणपर्यंत उसाची शेते दिसतात. पुढे डोंगर जवळ येतात आणि हवा बदलते. कोयनानगरला आईने नेहमीप्रमाणे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप सांगितला. तेव्हा ती लहान होती, घराबाहेर झोळीत घालून तिला आणले होते, असे तिने तिच्या आईकडून ऐकलेले. मुलांना धरणाचे नवल. पूर्वेला जाणारे पाणी अडवून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडायचे, खाली पोफळीच्या भूमिगत वीजघरात त्याच्यावर वीज करायची, आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीला जाऊन मिळायचे, हे दाजींनी त्यांना समजावून सांगितले. घाटमाथ्यावर करवंदांचे द्रोण घेतले. कठड्यावर माकडे बसली होती. समोर कोकण धुरकट निळे दिसत होते.

उतार सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर दाजींचा चेहरा बदलला. त्यांनी चाक फिरवले तरी गाडी लगेच वळेना. चार बोटे चाक नुसतेच फिरले, मग गाडीने ओढ घेतली. दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये आणली, डोंगराच्या अंगाला घेतली आणि थांबवली. आम्ही उतरून चाकांना दगड लावले. पलीकडच्या अंगाला कठडा होता आणि त्याच्याखाली झाडांचे शेंडे दिसत होते. आईने विचारले, “रं, काय झालं?” दाजी म्हणाले, “काही नाही मामी, जरा पाय मोकळे करा.” त्यांचे हात थरथरत होते, ते आक्काने पाहिले.

मागून आलेल्या चिपळूण एस.टी.ला हात केला. कंडक्टरने विचारपूस करून बायकामुलांना बसवून घेतले, आईला दोघांनी उचलून पायरी चढवली. एका ट्रकवाल्याने चिपळूणच्या ओळखीच्या मेस्त्रींना फोन लावून दिला. हे मेस्त्री म्हणजे साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते क्रेनच घेऊन आले. गाडीखाली डोके घालून बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि म्हणाले, “ही चालवत न्यायची नाही. पुढची दोन्ही चाके उचलूनच नेऊ.” दाजी म्हणाले, “हळूहळू नेली तर?” चाचा म्हणाले, “हळू पडले तरी दरी तेवढीच खोल असते, भाऊ.”

बहादूरशेख नाक्याजवळ त्यांचे गॅरेज. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले तेव्हा त्यांच्या गॅरेजात पाणी कुठवर आले होते, ती खूण त्यांनी भिंतीवर तशीच ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी साखरपुडा उरकून आम्ही तिथे गेलो, तेव्हा स्टिअरिंग उघडलेले होते. चाचांनी एकेक वस्तू फरशीवर मांडून दाखवली.

चालकाच्या हातातल्या चाकाला खाली एक दांडा असतो. तो ज्या नळीत बसतो, त्या सगळ्या जोडणीला कॉलम म्हणतात. कॉलमच्या खाली एक मधला दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, आणि शेवटी चाके वळवणारा स्टिअरिंग बॉक्स. आमच्या गाडीचा कॉलम दुसऱ्याच जातीच्या गाडीचा होता. पूर्वी कधीतरी अपघात झाला असावा आणि स्वस्तात मिळाला तो बसवला असावा. तो आखूड पडला, म्हणून मधला दांडा कापून त्यात नळीचा तुकडा घालून वेल्डिंग केलेले. ते करताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत धरले नाहीत, म्हणून चाक एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलके व्हायचे. कॉलम डॅशबोर्डाखाली चार बोल्टांनी धरायचा, तिथे दोनच बोल्ट होते आणि फटीत सायकलच्या ट्यूबची पट्टी. खालचा क्रॉस दातेरी टोकावर आवळून धरणारा बोल्ट मापाने बारीक होता. त्याला लॉकची नट नव्हती. तो निम्मा बाहेर आला होता.

“अजून थोडी वळणे, आणि चाक तुमच्या हातात राहिले असते आणि गाडी तिच्या वाटेने गेली असती,” चाचा म्हणाले. त्या वेळी जीपमध्ये आम्ही आठ जण होतो. त्यात तीन मुले.

तिथे जुन्या गाड्यांचा एक दलाल बसला होता. तो म्हणाला, “कशाला खर्चात पडता? बोल्ट टाका, आहे तशी मला द्या. दोन दिवसांत गिऱ्हाईक लावतो.” खरे सांगायचे तर आमचे मन डळमळले. कर्जाचे हप्ते डोळ्यासमोर होते. संध्याकाळी घरी विषय काढला तेव्हा घरची मंडळी एवढेच म्हणाली, “ज्यानं आपल्याला दिली, त्यानंबी असाच विचार केला आसंल. पुढच्या गिऱ्हाइकाला पोरंबाळं नसतील का?” यावर कोणाला उत्तर सुचले नाही. विषय तिथेच संपला.

मग दाजींनी विचारले, लेथवर चांगला तुकडा बनवून नीट वेल्डिंग केले तर चालेल का? चाचांनी कानाला हात लावले. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचा गुण बदलतो. वरून शिवण चांगली दिसते आणि आत बारीक तडा असू शकतो. शिवाय आता पुष्कळ गाड्यांचे कॉलम असे बनवतात, की समोरून धडक बसली तर ते दबावेत आणि चालकाच्या छातीत घुसू नयेत. त्यांना ठोकले, कापले, जोडले की तो गुण जातो. “बंपरला वेल्डिंग करा, स्टिअरिंगच्या दांड्याला नाही,” हा त्यांचा शब्द.

चिपळुणात तो कॉलम मिळेना. चाचांनी चिठ्ठी लिहून दिली. तिच्यावर चेसिस नंबर, वर्ष, स्टिअरिंग बॉक्सच्या टोकाची जाडी आणि दात्यांची संख्या. आम्ही जुना दांडा नमुना म्हणून घ्यायला निघालो तर म्हणाले, “तो कशाला? तोच तर चुकीचा आहे. त्याच्यासारखा आणाल तर पुन्हा इथेच याल.”

पहाटेच्या एस.टी.ने आम्ही आणि दाजी पुण्याला निघालो. जागा ड्रायव्हरच्या पाठीमागेच मिळाली. तोच घाट, आता चढणीचा. आयुष्यभर या गाडीत बसलो, पण ड्रायव्हरच्या हातांकडे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तो चाकाशी झोंबत नव्हता. वळण यायच्या आधीच हात फिरू लागायचा आणि वळण सरले की चाक हाताखालून आपोआप मागे यायचे. दाजी हळूच म्हणाले, “आपलं असं कधी मागं येतच नव्हतं.” ज्या वळणावर दगड लावले होते, ते दगड अजून कडेला पडलेले दिसले.

स्वारगेटला उतरून नाना पेठेत गेलो. मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने, दारात सायलेन्सर, बंपर, दिव्यांच्या काचा टांगलेल्या. एकाने जुना कॉलम निम्म्या किमतीत देऊ केला. पाहिले तर टोकाचे दाते झिजून गोल झालेले. दाते झिजले की बोल्ट कितीही आवळला तरी ढिलाई राहणारच, हे चाचांनी बजावले होते. दुसऱ्या दुकानदाराने चेसिस नंबर पाहून नवा कॉलम आणि मधला दांडा काढून दिला, दाते आमच्यासमोर मोजले, पक्की पावती दिली. दोन महिन्यांच्या हप्त्याएवढे पैसे गेले. गोणपाटात गुंडाळलेला तो दांडा परत चिपळूणपर्यंत आम्ही मांडीवरून खाली ठेवला नाही.

बसवायला चाचांना निम्मा दिवस लागला. आधी पुढची चाके सरळ केली, बॅटरीची तार काढली. स्टिअरिंगचे चाक हातोडीने न ठोकता पुलर लावून काढले. मधल्या दांड्याचे काटे एका रेषेत आहेत ना, हे आम्हाला वाकून पाहायला लावले. क्रॉसच्या बोल्टला दांड्यावर एक खाच असते, बोल्ट त्या खाचेतूनच गेला पाहिजे. मग तो उपटून येत नाही. नट सगळ्या नव्या, लॉकच्या. वरचे चारही बोल्ट आधी हाताने लावले, कॉलम कुठे ताणत नाही हे पाहिले आणि मगच आवळले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाच्या फेऱ्या मोजल्या, त्याच्या बरोबर मध्ये हॉर्नची पट्टी आडवी आणली. कुठे वायर किंवा ब्रेकची नळी घासत नाही ना, तेही पाहिले. “आठ दिवसांनी कराडला कोणाकडूनही सगळे बोल्ट पुन्हा तपासून घ्या,” असे सांगून त्यांनी मजुरी घेतली. जास्त दिलेले पैसे परत केले.

सहाव्या दिवशी आम्ही सगळे घाट चढून घरी आलो. दाजींनी एका वळणावर दोन बोटे चाकावरून सैल केली आणि चाक मागे आले. ते मागे वळून आमच्याकडे पाहून हसले. आई म्हणाली, “पुढं बघून चालव.”

वाचकहो, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम ९८ स्टिअरिंगविषयी आहे. चाकाची ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त असू नये, जोडांच्या गोळ्यांवर रबरी टोप्या असाव्यात, आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असे तो सांगतो. कायदा मोडणारा सापडेल तेव्हा सापडेल. आपण घेताना एवढे तरी करावे. गाडी उभी करून चाक हलकेच दोन्हीकडे हलवावे आणि दुसऱ्याला टायरकडे बघायला सांगावे. पॉवर स्टिअरिंग असेल तर हे इंजिन चालू ठेवून करावे. चाक धरून वर-खाली, पुढे-मागे ओढून पाहावे, कॉलम हलता कामा नये. बॅटरी घेऊन पॅडलच्या वर डोके घालावे. तिथे वेल्डिंगची शिवण, पट्टी किंवा वेगवेगळ्या मापाचे बोल्ट दिसले तर किंमत पाडत बसू नये, सरळ उठावे. आणि सौदा करण्याआधी ओळखीच्या मेस्त्रीला मजुरी देऊन गाडी दाखवावी. आम्ही ते पैसे वाचवले होते.

तो बारीक बोल्ट चाचांनी आम्हाला दिला. तो आमच्या घरात दारामागच्या खिळ्याला, जीपच्या किल्लीशेजारी दोऱ्याने टांगला आहे. किल्ली घेताना तो हाताला लागतो.