उंटाला हात लागला

पारोळ्याच्या मुलासाठी मोठी स्पर्धा म्हणजे जळगावची. सकाळच्या एस.टी.ने एरंडोल मागे टाकलं तेव्हाही मी मनात एकच घोकत होतो: काळे मोहरे आले की प्यादं जी-६, उंट जी-७, मग घोडा, मग किल्लेकोट. समोरचा काहीही खेळो. विचार करायचा तो पाचव्या चालीपासून.

दुसऱ्या फेरीत समोर टोपीवाले काका. त्यांनी बी-३ केलं. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं, तेही एकच घर! मधली घरं मोकळी सोडून हे काय कडेकडेनं? मला हसू आलं. मी जी-६ केलं. त्यांचा उंट बी-२ वर आला. मी सवयीनं एफ-८ वरचा उंट उचलला आणि तो हातात असतानाच तिरपा रस्ता दिसला. बी-२ पासून थेट एच-८, कोपऱ्यातल्या माझ्या हत्तीपर्यंत.

हात लागला की तोच मोहरा चालवायचा. घरं दोनच. जी-७ वर ठेवला तर उंट फुकट, आणि मागोमाग हत्तीही. शेजारचा घोडा नि पुढचं प्यादं त्याला हलू देत नव्हते. एच-६ वर ठेवला तर नुसता हत्ती.

"काय व्हयनं भो?" काका पुटपुटले. डाव चालू असताना बोलू नये, हे त्यांनाही ठाऊक असणार.

एच-६. त्यांनी हत्ती मारला. मी एफ-६ करून त्यांचा उंट कोपऱ्यात कोंडला. तो त्यांनी एक प्यादं घेऊनच दिला. पुढचा डाव सांगण्यासारखा नाही. भुईकोट किल्ल्याच्या गावचा मी, पण राजाच्या बाजूचा किल्लेकोट तिसऱ्या चालीलाच बुडाला होता. हरलो.

बाहेर चहा घेताना काकांनी पट मांडला. बेलग्रेड, १९७०. सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग. फिशरनं पहिला पट ज्याला सोडला होता, तो डेन्मार्कचा लार्सन पांढरे घेऊन स्पास्कीपुढे हेच बी-३ खेळला. हे ओपनिंग आज त्याच्याच नावानं ओळखतात. काका न अडखळता चाली करत गेले. चौदाव्या चालीला स्पास्कीनं हत्ती एच-१ वर नेऊन ठेवला, घे म्हणून. लार्सननं घेतला, आणि काळं प्यादं जी-२ वर शिरलं. सतराव्या चालीला लार्सननं डाव सोडला.

काकांनी तो मेलेला काळा हत्ती माझ्या तळहातावर ठेवला.

"हत्ती त्यानाबी गया."