कलावंताचें दुकान

हिंगोलीसारख्या गांवीं राहून केवळ हातांतल्या कलेवर पोट भरतां येईल काय, हा प्रश्न सध्यां आमच्या घरांत गाजत आहे. आमच्या पुतणीनें मोडी अक्षरांतील नांवाच्या पाट्या व लग्नपत्रिका रेखाटून त्या भ्रमणध्वनीवरून विकण्याचें मनांत घेतलें आहे. 'मिळेल तें काम घे,' असें तिचे वडील म्हणतात. 'मोडीखेरीज कांहीं करणार नाहीं,' असें ती म्हणते.

आमचें मत पुतणीच्या बाजूचें आहे. १९५० च्या सुमारास व्यवहारांतून उठलेल्या या लिपीचे चाहते हिंगोलींत बोटांवर मोजण्याइतकेच. परंतु पुणें, बडोदें, इंदूर येथें विखुरलेले सारे जमेस धरले तर एका कारागिराच्या हाताला काम पुरेल. पूर्वीं असें दूरचें गिऱ्हाईक गांठणेंच कठीण होतें. आतां तें राहिलें नाहीं.

तथापि वडिलांची काळजी अगदींच अनाठायीं नव्हे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला. त्यांचीं चित्रें घरोघरच्या भिंतींवर गेलीं. पण छापखाना कर्जांत रुतला व अखेर विकावा लागला. कला होती, कीर्ति होती. हिशेब मात्र जुळला नाहीं.

म्हणून आम्हीं तिला एक वही आणून दिली आहे. रंग, लांकूड, टपालखर्च आणि मुख्यतः स्वतःचे तास तींत लिहावे. अर्धी रक्कम आगाऊ आल्यावांचून कुंचला उचलूं नये. नातलगांसही किंमत सांगावी. कलेचा मान राखावयाचा तर तिचें मोल सांगतांना जीभ अडखळतां कामा नये.