ऑटोनगरातला एक दिवस

आमच्या बेळगावात पाहुणा आला की त्याला दाखवायची ठिकाणे ठरलेली असतात. किल्ल्यातली कमलबस्ती, कॅम्पातला मिलिटरी महादेव, वेळ असला तर राकसकोपचे धरण, आणि निघताना हातात कुंद्याचा पुडा. ऑटोनगर दाखवायला कोणी नेत नाही. चाळिशी उलटली तरी मीही तिथे कधी थांबलो नव्हतो. गेल्या मे महिन्यात धाकट्या मामांमुळे जाणे झाले आणि दिवस कसा गेला ते कळले नाही.

महांतेशनगर मागे टाकून कणबर्गीच्या बाजूला लागले की मातीचा रंगच बदलतो. वर्षानुवर्षे ऑइल मुरून ती काळी झालेली. पत्र्याच्या शेडी, वेल्डिंगच्या ठिणग्या, पाटे ठोकल्याचा आवाज. इथे पाना मराठीत मागतात, शिवी कन्नडमध्ये देतात आणि हिशेब हिंदीत होतो. कोणाचे काही अडत नाही.

मामा ट्रकवाले. बेळगावची भाजी गोव्याला पोहोचवण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली. माझे एम.ए.पर्यंतचे शिक्षण त्यांच्या जुन्या ट्रकच्या फेऱ्यांवर झाले. ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, आणि मीही कधी मोकळेपणाने म्हटले नाही. आताचा ट्रक दुसरा, तोही तेरा वर्षांचा.

त्या ट्रकाचे एक दुखणे होते. ऑइल फिल्टर इंजिनच्या कुशीत अशा जागी, की एका बाजूला स्टिअरिंगचा बॉक्स आणि दुसऱ्या बाजूला सायलेन्सरचा पाइप. तो काढायचा तर गाडीखाली उताणे पडून, मान वाकडी करून हात वर घालायचा. पट्ट्याचा पाना अर्धा फेरा फिरला की अडतो. फिल्टर सुटला की गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. मामांच्या उजव्या हातावर त्याची जुनी खूण आहे.

जे काम असे असते ते पुढे ढकलले जाते. मामा ऑइल वेळेवर बदलत, फिल्टर मात्र ‘पुढच्या फेरीला’ म्हणून तसाच ठेवत. फिल्टर तुंबला तरी गाडी लगेच तक्रार करत नाही. कागदातून ऑइल जाईना झाले की बायपासची झडप उघडते आणि ऑइल न गाळताच, कचऱ्यासकट पुढे जाते. इंजिन चालूच राहते आणि आतले बेअरिंग झिजत जातात. २०२२च्या पावसाळ्यात अनमोड घाटात, भाजीने भरलेल्या गाडीचे इंजिन रात्री अडकले. भाजी सडली. क्रँक घासून इंजिन बांधायला मामींच्या पाटल्या गहाण पडल्या. ‘ऑइल खराब लागले’ असे मामांनी सगळ्यांना सांगितले. आम्हीही ते खरे मानले.

आता मामांचे गुडघे गाडीखाली जाऊ देत नाहीत. एकतर गाडी विकायची, नाहीतर फिल्टर बाहेर आणायचा. म्हणून आम्ही मेस्त्रींकडे आलो होतो.

“बर्री सर, बर्री,” म्हणत मेस्त्रींनी मला ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसवले. मामांना त्यांनी एकच विचारले, “मागच्या वेळी इंजिन बसलं, तेव्हा फिल्टर किती दिवसांचा होता?” मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, “तीन ऑइलं झाली होती त्याच्यावर.” घरात दोन वर्षांहून अधिक काळ दडवलेली गोष्ट तिथे एका वाक्यात बाहेर पडली. मेस्त्रींनी नुसती मान हलवली.

उपाय ऐकायला सोपा. इंजिनवर फिल्टर जिथे बसतो तिथे एक चकती बसवायची. तिच्यातून दोन होज काढायचे, एक ऑइल नेणारा आणि एक परत आणणारा. चॅसिसवर, हात सहज पोहोचेल अशा जागी फिल्टरचे नवे हेड बसवायचे आणि त्याला फिल्टर लावायचा. पण खरी अक्कल बारकाव्यांत आहे.

होज साधा चालत नाही. ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापते आणि दाबाने वाहते. म्हणून आत तारेची जाळी असलेला, टोके मशीनवर दाबून बसवलेला होज लागतो. त्यासाठी मेस्त्रींच्या पोराला मागे बसवून मी स्कूटर काढली. किल्ला, कॅम्प, टिळकवाडी करत तिसरे रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेत. हायड्रॉलिक्सच्या कामासाठी ही वसाहत दूरवर माहीत आहे, आणि मी तिच्यावरून कितीदा खानापूरला गेलो असेन! तासाभरात होज तयार झाले.

परत आल्यावर मेस्त्रींनी ते आधी आतून डिझेलने धुतले आणि हवा मारली. कारण विचारले तर म्हणाले, “परतीच्या होजमध्ये रबराचा भुगा राहिला तर तो गाळायला पुढं फिल्टर नाही. सरळ बेअरिंगला जातो.” मग नेणाऱ्या होजला त्यांनी लाल दोरा बांधला. फिल्टरमध्ये ऑइल कडेच्या बारीक भोकांतून शिरते आणि मधल्या आट्याच्या भोकातून बाहेर येते. होजांची अदलाबदल झाली तर आतली रबरी झडप मिटते आणि इंजिनला ऑइल मिळत नाही.

इंजिन हलते, चॅसिस हलत नाही. म्हणून होज ताणून न लावता थोडे सैल सोडले, सायलेन्सरपासून दूर नेले आणि घासू नयेत म्हणून रबर घालून क्लँपने धरले. फिल्टर डाव्या चाकामागे उभा बसवला, तोंड वर. त्यामुळे तो आधी ऑइलने भरून लावता येतो. दगड लागू नये म्हणून पुढे पत्र्याची ढाल.

“काय बघूलालास? हात लाव की,” मामा म्हणाले. फिल्टरच्या वायसरला ऑइलचे बोट फिरवून तो मी हाताने आवळला. “निधान, सर, निधान,” मेस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांत मामांच्या गाडीचे मी केलेले हे पहिलेच काम.

डिझेल बंद ठेवून त्यांनी नुसता स्टार्टर मारला. ऑइलच्या दाबाचा काटा उचलेपर्यंत कोणी बोलले नाही. काटा उचलल्यावर मग गाडी सुरू केली. होज भरल्यामुळे जवळजवळ एक लिटर ऑइल जास्त लागले. दहा मिनिटांनी प्रत्येक जोडावर कागद फिरवून पाहिला. कोरडा. तरी पहिल्या गोवा फेरीनंतर पुन्हा दाखवायला यायचे, अशी ताकीद मिळालीच.

ज्यांच्या घरी नवी गाडी आहे त्यांनी मात्र हे करू नये. वॉरंटीतल्या गाडीला हात लावला तर कंपनी जबाबदारी झटकू शकते, आणि जोड एक वाढला की गळतीची जागाही एक वाढते. हे जुन्या गाडीचे, जाणत्या हाताचे काम आहे.

पावसाळ्याच्या तोंडी मामांचा फोन आला. फिल्टर स्वतः बदलला होता, उभ्याने, पंधरा मिनिटांत. मी म्हटले, “मामा, माझी फी त्याच ट्रकच्या फेऱ्यांतून गेली, नाही का?” ते थोडे थांबले. मग म्हणाले, “ती गाडी वेगळी होती. तिचा फिल्टर हाताला यायचा.” आणि हसले. “आता पुढच्या फेरीला म्हणायला तोंड राहिलं नाही बघ.”

पुढच्या वेळी पाहुणे आले की कमलबस्ती दाखवीनच. पण वाटेत अर्धा तास ऑटोनगरात काढायचा, हे ठरवून ठेवले आहे.