घरात फोन लागला पाहिजे
भाईजानांनी सौदीहून पाठवलेला फोन कोणत्याही कंपनीचे सिम घेतो. पण कोंढव्यातल्या आमच्या तळमजल्यावर रेंज नाही आणि त्या फोनमध्ये वायफाय कॉलिंगचा पर्यायच दिसेना. ही सोय भारतात २०१९ च्या अखेरीस सुरू झाली. मात्र सिम, कंपनीचे जाळे आणि फोनमधले सॉफ्टवेअर या तिन्हींचा मेळ बसला तरच ती मिळते. परदेशी बाजारासाठी बनवलेल्या फोनमध्ये तो मेळ असेलच असे नाही. अम्मींना दम्याचा त्रास. मध्यरात्री डॉक्टरांना फोन लागलाच पाहिजे. म्हणून त्यांच्या उशाशी आम्ही इथेच घेतलेला, ही सोय असलेला स्वस्तातला फोन ठेवला. बाहेरून फोन मागवताना किमतीआधी एवढे जरूर विचारा : आपल्या सिमवर हा घरातून बोलू देईल का?