शेवटच्या रांगेपर्यंतचा सूर

कोल्हापुरात कुस्ती आणि गाणं एकमेकांना खेटून राहतात. खासबागचं मैदान १९१२ साली झालं आणि त्याच्या कुशीत १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. दोन्ही शाहू महाराजांनी उभारली. १९०२ च्या युरोप दौऱ्यात पाहिलेलं मनात ठेवून त्यांनी आपल्या गावाला एक आखाडा दिला आणि एक रंगमंच. पुढे त्या थिएटरला इथल्याच मातीतल्या नटाचं नाव मिळालं : संगीतसूर्य केशवराव भोसले.

मी तिथे नाट्यसंगीताच्या मैफलीला गेले, तेव्हा वास्तूचं वय लपत नव्हतं. जुन्या लाकडाला पावसाळी ओल धरलेली, कुणी बसलं-उठलं की खुर्ची करकरे. पण ऑर्गनवर षड्ज भरला आणि त्या थकलेल्या वास्तूत जीव आला. तबल्यानं ठेका धरला. गायक तरुण होता. मुखडा बांधून तो अंतऱ्याला वर गेला आणि तारषड्जावर ठेपताना भान हरपून माइकपासून दूर सरला. मी मागच्या रांगांत होते. माइकचा आवाज गेला तसा खरा आवाज आला : उघडा, किंचित खरखरीत, श्वासासकट. माझ्या शेजारच्या आजोबांनी मांडीवरचा ताल थांबवला, डोळे मिटले. पद संपताच ‘वन्समोअर’ची आरोळी उठली आणि तीही त्या भिंतींनी तशीच मोकळेपणानं पुढे पोहोचवली.

त्या क्षणी मला केशवराव समजले. पुस्तकांत ते वाचले होते. ९ ऑगस्ट १८९० चा जन्म. पोरवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेची भूमिका, १९०८ साली स्वतःची ललितकलादर्श मंडळी. टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ च्या जुलैत मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी मृत्यू. पण हा माणूस माइक नसलेल्या काळात गायचा, याचा अर्थ कागदावर कळत नाही. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द न शब्द पोहोचवायचा तर छाती लागते, दमसास लागतो. पलीकडच्या मैदानात पैलवान जो दम कमवत, तोच अलीकडे नट कमवत. आणि नटाच्या त्या कष्टाला वास्तूची साथ लागते. चांगलं नाट्यगृह तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं असतं : स्वतः गात नाही, पण त्याच्यावाचून सुराला भरीवपणा येत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्या रंगमंचाला नमस्कार करून कोल्हापूरच्या कलावंतांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, त्याचे कोळसे झाले होते. रंगकर्मी जमले आणि घरातलं माणूस गेल्यासारखे रडले. बातम्यांत आगीचे लोळ होते, कोसळलेलं छप्पर होतं. माझ्या कानात मात्र तो माइकपासून सुटलेला तारषड्ज होता. तो आता कुठे टेकणार, एवढंच मनात येत राहिलं.

नाट्यगृह पुन्हा उभं राहायलाच हवं. दगड बसवता येतील, कमानी हुबेहूब करता येतील, खुर्च्या पूर्वीपेक्षा मऊ येतील. पण ही वास्तू डोळ्यांइतकीच कानांनीही मोजायची आहे. रंग लावण्याआधी, ध्वनिक्षेपक टांगण्याआधी एखाद्या गाणाऱ्याला त्या रंगमंचावर नुसत्या गळ्यानं उभं करावं आणि शहरातल्या जुन्या श्रोत्यांना मागच्या भिंतीपाशी बसवावं. त्यांनी मान डोलावली तर काम पुढे न्यावं. नाही तर पुन्हा मोजमाप घ्यावं, पुन्हा लाकूड बदलावं. स्वस्तातलं तिकीट काढून मागे बसणाऱ्यालाही तोच सूर, तेवढाच भरून मिळाला पाहिजे. शाहू महाराजांच्या गावात यापेक्षा कमी काही मागायचंच नाही.